मेंदूतील ग्राही आणि जी-प्रथिने डोळ्यांनी पाहताना : प्रोटीन डेटा बँक या मोफत सेवेचे परीक्षण

पदवीच्या वर्गाला चेतापेशींचे कार्य शिकवताना मी अनेक वर्षे फळ्यावर एकच आकृती काढत आले. दोन समांतर रेषा म्हणजे पेशीपटल, त्यातून सात वेळा वरखाली गेलेली नागमोडी रेघ म्हणजे ग्राही, म्हणजेच रिसेप्टर, त्याच्या तळाशी चिकटलेले तीन गोल म्हणजे ग्राहीकडून निरोप घेऊन तो पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रथिनाचे अल्फा, बीटा आणि गॅमा हे तीन घटक, आणि वरून येणारा बाण म्हणजे डोपामिन, नॉरॲड्रेनालिन किंवा असाच एखादा चेतासंदेशक. आकृती चुकीची नव्हती. परंतु उत्तरपत्रिका तपासताना दर वर्षी लक्षात येई की बऱ्याच विद्यार्थ्यांच्या मनात चेतासंदेशकाचा रेणू त्या नागमोडी रेघेतून वाट काढत पेशीच्या आत उतरतो आणि जी-प्रथिनाला जाऊन भिडतो. प्रत्यक्षात तो रेणू आत कधीच जात नाही, आणि या विषयाचे सारे मर्म तेच आहे: निरोप आत पोचतो, निरोप्या मात्र बाहेरच थांबतो. रेघेला जाडी नसते, खोली नसते आणि हालचालही नसते, त्यामुळे हे मर्म फळ्यावरून पोचत नव्हते. प्रोटीन डेटा बँक ही सेवा वर्गात वापरू लागल्यापासून ही अडचण बरीचशी दूर झाली, म्हणून जी-प्रथिनांचा विषय शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी वाचकांसाठी तिचे हे परीक्षण लिहीत आहे.

सेवेची ओळख थोडक्यात करून देते. प्रथिनांच्या त्रिमित रचनांचा हा संग्रह १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाला, तेव्हा त्यात अवघ्या सात रचना होत्या. आज नोंदींची संख्या दोन लाखांच्या पुढे आहे. २००३ पासून अमेरिका, युरोप आणि जपान येथील केंद्रे मिळून हा एकच सामाईक संग्रह सांभाळतात, आणि नव्या नोंदी दर बुधवारी, आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच वाजता, सर्वांसाठी खुल्या होतात. शुल्क नाही, नावनोंदणी नाही, आणि येथील माहिती कोणीही कोणत्याही कामासाठी वापरू शकतो. मी अमेरिकेतील केंद्राचे संकेतस्थळ वापरते. प्रत्येक रचनेला चार अक्षर-अंकांचा एक संकेतांक असतो. पुढे मी ते संकेतांक देवनागरीत देत आहे, शोधपट्टीत मात्र ते रोमन लिपीत टंकावे लागतात. नोंद उघडली की ‘मोल-स्टार’ नावाच्या दर्शकात ती रचना त्रिमितीत दिसते, आणि त्यासाठी संगणकावर वेगळे काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. ती फिरवता येते, जवळ आणता येते, हवा तो भाग लपवता येतो आणि कोणत्याही दोन अणूंमधील अंतर मोजता येते. शेवटची सोय किरकोळ वाटेल, पण जी-प्रथिनांच्या बाबतीत ती सर्वांत मोलाची आहे.

सुरुवात २आरएच१ या नोंदीपासून करावी, असे माझे मत आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेली ही बीटा-२ ॲड्रेनर्जिक ग्राहीची रचना आहे. हा ग्राही फुप्फुसांत असतो तसाच मेंदूतही असतो आणि तेथे नॉरॲड्रेनालिनचा निरोप स्वीकारतो. पडद्यावर प्रथम दिसतात ती एखाद्या जुडीसारखी एकमेकांना टेकून उभी असलेली सात सर्पिले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे मळसूत्रासारखे वळलेले भाग, आणि त्यांच्या मधोमध, पेशीबाहेरच्या तोंडाशी, बसलेला कॅराझोलॉल हा औषधी रेणू. कॅराझोलॉल ग्राहीला शांत ठेवतो, त्यामुळे ही निरोप न मिळालेल्या अवस्थेची रचना आहे. येथे विद्यार्थ्यांना मी एकच काम देते: त्या रेणूला पेशीच्या आत उतरण्यासाठी वाट सापडते का ते पाहा. पृष्ठभाग दाखवण्याचा पर्याय निवडून, चित्र सर्व बाजूंनी फिरवून झाले की उत्तर त्यांचे त्यांनाच मिळते. कप्पा खालून बंद आहे आणि रेणूला पुढे जाण्याइतकी फट कोठेही नाही. ज्या गैरसमजाशी मी कित्येक वर्षे शब्दांनी झगडत होते, तो येथे दहा मिनिटांत सुटतो. आणि लगेच पुढचा, अधिक चांगला प्रश्न उभा राहतो, की मग आतल्या बाजूला निरोप कळतो तरी कसा.

त्या प्रश्नाचे उत्तर ३एसएन६ या नोंदीत आहे, आणि या सेवेची खरी किंमत मला तेथेच कळली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रचनेत तोच बीटा-२ ग्राही जी-एस या जी-प्रथिनाला धरून बसलेला दिसतो, म्हणजे निरोप हातोहात दिला जाण्याचा क्षण येथे टिपला आहे. पुढच्याच वर्षीचा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार या जातीच्या ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळाला. नोंद उघडल्यावर पाच साखळ्या पाच रंगांत दिसतात. एक ग्राहीची, तीन जी-प्रथिनाच्या तीन घटकांच्या, आणि पाचवी एका चिमुकल्या प्रतिपिंडाची, ज्याच्याविषयी पुढे लिहिले आहे. बाहेरच्या कप्प्यात या वेळी शांत ठेवणारा रेणू नसून उत्तेजित करणारा रेणू आहे.

संकेतस्थळावर दोन रचना एकमेकींवर बसवून पाहण्याचे साधन आहे. त्यात २आरएच१ आणि ३एसएन६ यांतील ग्राही एकावर एक बसवावेत. वरच्या बाजूला, जेथे रेणू बसतो तेथे, दोन्ही रचना जवळजवळ एकच दिसतात. पाचव्या सर्पिलात जेमतेम दोन अँगस्ट्रॉमचा फरक पडलेला असतो. (मीटरचे दहा अब्ज समान भाग केले तर त्यातील एक भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) नजर खाली, पेशीच्या आतल्या बाजूला नेली की मात्र सहावे सर्पिल आपली जागा सोडून बाहेरच्या अंगाला झुकलेले दिसते, आणि साखळीतील २६८ व्या अमिनो आम्लाशी, म्हणजे तेथील ग्लुटामिक आम्लाशी, अंतर मोजले तर ते सुमारे १४ अँगस्ट्रॉम भरते. अडकित्त्याच्या बिजागरीजवळ किंचित हालचाल झाली तरी दांड्यांच्या टोकांशी ती मोठी होते, तसाच हा प्रकार आहे. पाठ्यपुस्तकात ‘ग्राहीचा आकार बदलतो’ एवढे तीन शब्द असतात. येथे तो बदल कोठे नगण्य आहे आणि कोठे प्रचंड आहे, हे वाचकाला स्वतः मोजून घेता येते. वर दोन, खाली चौदा, हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढले की विसरले जात नाहीत, असा माझा अनुभव आहे.

सहावे सर्पिल बाजूला झाल्यामुळे तळाशी जी खाच उघडते, तिच्यात जी-प्रथिनाच्या अल्फा घटकाचे शेवटचे सर्पिल जाऊन बसते. या जातीच्या बहुतेक ग्राहींत तिसऱ्या सर्पिलाच्या टोकाशी एक आर्जिनिन असतेच. येथे ते अमिनो आम्ल १३१ व्या स्थानी आहे आणि अल्फा घटकाच्या ३९१ व्या टायरोसिनला बिलगलेले दिसते. शांत असताना अल्फा घटक जीडीपी हा ग्वानिनयुक्त लहान रेणू धरून असतो, आणि चालू झाल्यावर त्याच्या जागी जीटीपी हा त्याचाच भाऊबंद येतो. आता अल्फा घटकात जीडीपीचा रेणू जेथे असायला हवा तेथे जावे. ती जागा ग्राहीपासून तब्बल ३० अँगस्ट्रॉम दूर आहे, आणि ती रिकामी आहे. अल्फा घटकाचे दोन भाग एरवी त्या रेणूला दोन ओंजळींसारखे मिटून धरतात. येथे त्यातील एक भाग सुमारे १२७ अंशांतून फिरून बाजूला गेलेला दिसतो. सुट्या जी-प्रथिनात घट्ट धरलेला जीडीपी निसटतो तो असा. पेशीत जीटीपीचे प्रमाण जीडीपीहून पुष्कळ अधिक असल्यामुळे त्या मोकळ्या जागी जीटीपी येऊन बसतो, आणि मग अल्फा घटक ग्राहीपासून आणि बीटा-गॅमा जोडीपासून अलग होतो. म्हणजे ग्राही जी-प्रथिनाला काही देत नाही, उलट त्याने मुठीत धरलेले सोडायला लावतो. ‘जी’ हे अक्षर ग्वानिन या द्रव्यावरून आले आहे. ही प्रथिने शोधल्याबद्दल आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, आणि तेव्हा ही रिकामी मूठ कोणी पाहिलेलीही नव्हती.

येथे थांबले तर विषय अर्धाच राहील, कारण अलग झालेले दोन्ही भाग पुढे कामाला लागतात. १एझेडएस ही १९९७ ची नोंद अल्फा घटकाचे काम दाखवते. जी-एसचा अल्फा घटक ॲडेनिलिल सायक्लेज या विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, कार्यकारी भागाला टेकलेला तेथे दिसतो. हे विकर एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून सायक्लिक एएमपी हा निरोप वाहणारा लहान रेणू तयार करते आणि निरोप पेशीभर पसरतो. मराठी वाचकाने ही नोंद आणखी एका कारणासाठी उघडावी. विकराच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात एक लहान रेणू बसलेला आहे, तो फोर्सकोलिनचे एक रूप आहे. तुळशीच्या कुळातील कोलिअस या भारतीय वनस्पतीच्या मुळांतून मिळणारे फोर्सकोलिन १९७० च्या दशकात मुंबईत, मुलुंडच्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात वेगळे काढले गेले. ग्राहीला वळसा घालून थेट ॲडेनिलिल सायक्लेज चालू करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा आजही तेच वापरतात. जी-प्रथिनांच्या इतिहासातील इतका महत्त्वाचा धागा मुलुंडपर्यंत येतो, याची आमच्या अभ्यासक्रमात कोठेही नोंद नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बीटा-गॅमा जोडीला फळ्यावर नेहमी कमी जागा मिळते, जणू ती अल्फाची केवळ सोबतीण आहे. हा समज ४केएफएम या २०१३ च्या नोंदीने घालवावा. तेथे चेतापेशीच्या पटलातील एक पोटॅशियम मार्गिका आहे, आणि तिच्या चार बाजूंना चार बीटा-गॅमा जोड्या चिकटलेल्या आहेत. चित्र वरून पाहिले तर चौफुल्यासारखे सममित दिसते. या जोड्या चिकटल्या की मार्गिका उघडते, पोटॅशियम बाहेर पडते, आणि चेतापेशी संदेश पाठवण्यास नाखूश होते. मेंदूच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी आहे. मॉर्फिनमुळे वेदनेचा संदेश मंदावतो त्यामागे जी कारणे आहेत, त्यात हे एक आहे. त्याच्या आधीची पायरी पाहायची असेल तर ६डीडीई ही २०१८ ची नोंद उघडावी, ज्यात मॉर्फिन ज्यावर काम करते तो म्यू-ओपिऑइड ग्राही जी-आय या जी-प्रथिनाशी जोडलेला आहे. जी-आय हे प्रथिन सायक्लिक एएमपीचे उत्पादन कमी करते, म्हणजे जी-एसच्या नेमके उलट. तरीही दोन्ही रचना शेजारी ठेवल्या तर पकड एकाच धाटणीची दिसते. जी-आयच्या बाबतीत सहाव्या सर्पिलाची हालचाल काहीशी कमी असते एवढेच. निरोप घेण्याची रीत एक आणि निरोपाचा अर्थ निराळा, हे या जोडीतून फार चांगले समजते.

माणसात या जातीचे ग्राही तयार करणारी सुमारे ८०० जनुके आहेत आणि त्यातील जवळजवळ निम्मी एकट्या वासाच्या ज्ञानासाठी आहेत; अल्फा घटकाची जनुके मात्र केवळ १६. वापरात असलेल्या औषधांपैकी जवळजवळ एकतृतीयांश औषधे याच जातीच्या ग्राहींवर काम करतात. त्यामुळे या संग्रहात फिरताना घरातल्या ओळखीच्या वस्तू वारंवार भेटतात. ६सीएम४ या नोंदीत डोपामिनच्या डी-२ ग्राहीत रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरील औषध खोलवर रुतून बसलेले दिसते. हे औषध घेणारी व्यक्ती ज्यांच्या घरात आहे, त्यांना ते पाहून औषधाविषयीचे भय थोडे कमी होईल आणि समज थोडी वाढेल, असे मला वाटते. ३आरएफएम ही २०११ ची नोंद तर सकाळच्या चहाची आहे, असे मी वर्गात सांगते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि झोपेची ओढ वाढवते. त्याच्या ए-२ए ग्राहीत येथे कॅफिन जाऊन बसले आहे. ते जागा अडवते, पण ग्राहीला चालना देत नाही, त्यामुळे ॲडेनोसिनचा निरोप जी-प्रथिनापर्यंत पोचत नाही. शेजारी ५जी५३ ही २०१६ ची नोंद उघडली की तोच ग्राही, उत्तेजक रेणू बसल्यावर, मुद्दाम लहान केलेल्या जी-प्रथिनाला धरून बसलेला दिसतो. अडवलेला आणि चालू झालेला, असे एकाच ग्राहीचे दोन चेहरे इतक्या सहज दुसरीकडे कोठे पाहायला मिळतील हे मला माहीत नाही. कॅफिनची रचना ३.६ अँगस्ट्रॉम इतक्या ढोबळ पातळीची आहे, म्हणून तिच्यातील बारीक तपशिलावर फार विसंबू नये, हेही सांगायला हवे.

निरोप जसा सुरू होतो तसा तो थांबावाही लागतो. अल्फा घटक स्वतःच जीटीपीचे विघटन करून शांत होतो, पण त्याचा वेग मंद असतो. १एजीआर या नोंदीत आरजीएस-४ हे प्रथिन त्याला तो वेग वाढवण्यास मदत करताना दिसते. ग्राहीच्या बाजूने निरोप थांबवण्याचे काम अरेस्टिन करते, आणि ४जेक्यूआय ही २०१३ ची नोंद त्यासाठी पाहावी. तेथे ग्राहीच्या शेपटीचा फॉस्फेट जोडलेला तुकडा बीटा-अरेस्टिनला चिकटलेला आहे. या कामात अग्रभागी असलेले अरुण शुक्ला पुढे आयआयटी कानपूर येथे आले, आणि त्यांच्या गटाने या जातीच्या ग्राहींच्या रचनांवरचे काम भारतात उभे केले. परदेशी संग्रहातील नोंदीवर कानपूरचा पत्ता वाचताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो, तो मी पाहिला आहे.

आता उणिवांकडे वळते. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव अशी की येथे काळ दिसत नाही. प्रत्येक नोंद एक थांबवलेला क्षण आहे. २आरएच१ आणि ३एसएन६ यांच्या मधल्या अवस्था आपण मनाने भरून काढतो, आणि त्या भरताना ग्राही म्हणजे दोनच स्थितींत राहणारे बटण आहे असा नवा गैरसमज तयार होण्याचा धोका असतो. जिवंत पेशीत ग्राही अखंड थरथरत असतो आणि अनेक आकारांमधून जात-येत राहतो. उत्तेजक रेणू त्यातील काही आकारांना झुकते माप देतो. जुन्या गैरसमजाच्या जागी नवा बसवायचा नसेल तर ही गोष्ट शिक्षकाने तोंडाने सांगितलीच पाहिजे, कारण पडदा ती सांगणार नाही.

दुसरी उणीव नवख्या माणसाला फार चकवते. हे ग्राही एरवी इतके लवचिक असतात की रचना टिपण्यासाठी लागणारे त्यांचे स्फटिक बनवायला संशोधकांना बाहेरचे भाग जोडावे लागतात. २आरएच१ मध्ये पाचव्या आणि सहाव्या सर्पिलांच्या मध्ये जो मोठा गोळा दिसतो, तो ग्राहीचा नव्हेच, तर लायसोझाइम या वेगळ्याच प्रथिनाचा आहे. ३एसएन६ मध्येही लायसोझाइम आहे, या वेळी ग्राहीच्या बाहेरच्या टोकाला; आणि वर उल्लेखलेले चिमुकले प्रतिपिंड उंटाच्या कुळातील लामा या प्राण्यापासून मिळवलेले आहे, जे जी-प्रथिनाला त्या उघड्या अवस्थेत धरून ठेवते. माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी लायसोझाइमला जी-प्रथिन समजून सुबक आकृती काढली होती, आणि त्यात तिची चूक नव्हती. नोंदीच्या पानावर प्रत्येक साखळीचे नाव दिलेले असते. ते वाचल्याशिवाय चित्राकडे वळू नये. शिवाय काही वळणे रचनेत गायबच असतात, उदाहरणार्थ ३एसएन६ मधील ग्राहीचे आतले तिसरे वळण, कारण ते इतके हलते की प्रयोगात टिपले गेले नाही. तेथे साखळी तुटलेली दिसते, ती प्रत्यक्षात तुटलेली नाही.

तिसरी गोष्ट पेशीपटलाची. नोंद उघडल्यावर प्रथम जे दिसते त्यात पटल नसते, त्यामुळे वरची बाजू कोणती आणि आतली कोणती हे कळत नाही. आम्ही पडद्याच्या काचेवर दोन कागदी पट्ट्या चिकटवतो आणि रचना त्यांच्या मध्ये येईल अशी फिरवतो. उपाय घरगुती आहे, पण उत्तम चालतो. २आरएच१ मध्ये मात्र ग्राहीला लगटलेले कोलेस्टेरॉलचे रेणू दिसतात, आणि त्यांच्यावरून पटल कोठे असेल याचा अंदाज बांधता येतो; या लहानशा खुणेचे मला विशेष कौतुक आहे.

चौथी सावधगिरी गेल्या काही वर्षांतील बदलामुळे घ्यावी लागते. संग्रहात आता प्रयोगातून मिळालेल्या रचनांबरोबरच संगणकाने भाकीत केलेल्या रचनाही शोधता येतात. त्या उपयुक्त आहेत, परंतु एकट्या ग्राहीचे भाकीत पाहून तो निरोप मिळालेल्या अवस्थेत आहे की नाही हे ठरवता येत नाही. जी-प्रथिनांचा विषय समजून घेताना सुरुवातीला प्रायोगिक नोंदींपुरतेच शोधणे चांगले.

कोणत्या नोंदीवर किती विश्वास ठेवावा, हे सांगण्याची या सेवेची पद्धत मला फार आवडते. प्रत्येक नोंदीच्या पानावर लाल ते निळ्या रंगाच्या पट्ट्या असतात. खूण निळ्या टोकाकडे असेल तर रचना इतरांच्या तुलनेत चांगली, लालकडे असेल तर कमकुवत. यातील एक पट्टी रामचंद्रन यांच्या नावाने आहे. गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात दाखवून दिले की प्रथिनाच्या साखळीला ठरावीक कोनांतच वळता येते, आणि त्या नियमाबाहेर पडलेली अमिनो आम्ले किती आहेत ही आजही प्रत्येक नव्या रचनेची एक कसोटी आहे. दोन लाखांहून अधिक नोंदी ज्या कसोट्यांवर घासल्या जातात, त्यातील एक मद्रासची आहे, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगते.

याच सेवेचा शिक्षणासाठी वेगळा विभाग आहे. त्यात डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० पासून दर महिन्याला एका रेणूची ओळख करून देणारी लेखमाला चालवली; जी-प्रथिने आणि ॲड्रेनर्जिक ग्राही यांच्यावरील तिच्यातील टिपणे छोटी, नेमकी आणि सुंदर चित्रांची आहेत. पेशीच्या आतली दाटी दाखवणारी गुडसेल यांची जलरंगातील चित्रे पाहिली की जी-प्रथिन किती गर्दीत काम करते याची कल्पना येते, जी एकट्या रचनेवरून येत नाही. मजकूर मात्र इंग्रजीत आहे. जपानी केंद्राच्या संकेतस्थळावर सारे जपानी भाषेत वाचता येते. मराठीत असे काहीच नाही. माहिती कोणालाही वापरण्यास मुक्त असल्यामुळे निवडक वीस-पंचवीस नोंदींची मराठी टिपणे तयार करण्यास अडचण अशी काही नाही, आणि आमच्या विषयाच्या शिक्षकांनी ते काम वाटून घ्यावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. ग्राही, विकर, पेशीपटल हे शब्द आपल्याकडे आहेतच. ते रचनेच्या शेजारी छापले गेले तर परीक्षेपुरते न राहता वापरात येतील.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगते. मोबाइलवर हे सर्व चालते, परंतु ३एसएन६ सारख्या मोठ्या रचनेतील सर्पिले लहान पडद्यावर ओळखू येत नाहीत. संगणक किंवा भिंतीवर चित्र टाकणारे यंत्र असेल तरच त्या उघडाव्यात. मी शिकवते त्या महाविद्यालयात इंटरनेट अनेकदा तासाच्या मध्येच बंद पडते, म्हणून आदल्या संध्याकाळी हव्या त्या कोनांतून चित्रे काढून, छापून ठेवते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना २आरएच१ आणि ३आरएफएम पुरेशा आहेत. पदवीच्या वर्गासाठी दोन तास ठेवावेत: पहिला पूर्णपणे ३एसएन६ साठी, अंतरे मोजण्यासह, आणि दुसऱ्यात १एझेडएस व ४केएफएम. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ६डीडीई आणि ६सीएम४ आधी पाहिल्या तरी चालेल. रचना एकावर एक बसवण्याचे साधन वर्गात प्रथमच उघडू नये. घरी एकदा सराव करावा, आणि २६८ वे आम्ल कोठे आहे ते आधीच शोधून वहीत टिपून ठेवावे.